एअर इंडियाची इमारत आणि पलीकडे न गेलेलं सरकार

पोस्ट लांब आहे. निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडून काही हवंय.

मागे एकदा मामांना घेऊन नरिमन पॉइंटला गेलो होतो. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. पाटण तालुक्यातले, कोयनेच्या खोऱ्यातले. ऐंशी कधीच ओलांडली. तरुणपणी मशीद बंदरला माथाडी होते. कांद्याची पोती पाठीवर वाहिली, एका गाळ्यात वीस-पंचवीस गाववाल्यांबरोबर राहिले, खानावळीत जेवले. आता कोपरखैरण्याला मुलाकडे असतात. त्यांना एका जुन्या कागदाची नक्कल हवी होती, म्हणून सकाळी सातला निघालो. वाशीला गाडी बदलली, सीएसएमटीला उतरलो, तिथून बस. ऑफिसच्या दारावर कागद चिकटवलेला: कार्यालय हलवले आहे. नव्या पत्त्यावर पोचलो तर जेवणाची सुट्टी. सुट्टी संपल्यावर कळलं की कागद वेगळ्याच शाखेत आहे आणि ती शाखा तिसऱ्याच इमारतीत.

कुणावर राग काढायचा? समोरचा कारकून बिचारा स्वतःच वैतागलेला. मामांचे पाय दुखायला लागले होते. शेवटी मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर जाऊन बसलो, शेंगदाण्याची पुडी घेतली. मामांनी मान वर करून समोरच्या उंच पांढऱ्या इमारतीकडे पाहिलं.

"ही विमानवाल्यांचीच का अजून?"

"नाही मामा. सरकारनं घेतली."

"कुठल्या सरकारनं?"

"आपल्या. महाराष्ट्राच्या."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आमाला तिकडं जा म्हनले, आमी गेलो. ह्ये कवा जायाचं?"

मी हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. जुनी पुस्तकं, कात्रणं काढून बसलो आणि लक्षात आलं की मामांनी एका वाक्यात मुंबईचा दीडशे वर्षांचा इतिहास विचारला होता.

तर आधी इमारतीबद्दल.

१९७० साली राज्य सरकारने नरिमन पॉइंटच्या भरावावरचा हा भूखंड एअर इंडियाला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. जमीन राज्याची, वर बांधणारी केंद्राच्या मालकीची कंपनी. हे ध्यानात ठेवा, पुढे कामाला येईल. १९७४मध्ये २३ मजल्यांची इमारत उभी राहिली. रचनाकार न्यू यॉर्कचे जॉन बर्गी. तेव्हा एअर इंडियाचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते आणि कंपनीचा थाट असा होता की इमारतही तशीच हवी होती. समुद्राकडे तोंड आणि माथ्यावर तो अर्धा घोडा, अर्धा माणूस असलेला धनुर्धारी. आमच्या शाळेची सहल तारापोरवाला मत्स्यालय बघून पुढे इथे यायची आणि मास्तर आम्हाला मजले मोजायला लावायचे. माझे कधी २१ भरायचे, कधी २५.

१२ मार्च १९९३. शुक्रवार. दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या इमारतीत पहिला स्फोट झाला आणि मग शहरभर एकामागून एक. त्यातला एक या इमारतीच्या तळघरात, गाडीत ठेवलेला. इथे वीस माणसं गेली. त्या दिवशी शहरात एकूण २५७. इमारत उभी राहिली, डागडुजी झाली, दुसऱ्या आठवड्यात लोक परत लोकलला लटकून कामावर यायला लागले. मुंबईच्या या सवयीचं कौतुक फार होतं. कौतुक करण्यासारखं त्यात किती आणि नाइलाज किती, हा वेगळा विषय आहे.

२०१३मध्ये एअर इंडियाने आपलं मुख्यालय दिल्लीला हलवलं. कंपनी कर्जात होती, मजले भाड्याने जाऊ लागले. २०१८-१९च्या सुमारास इमारत विकायला निघाली तेव्हा तीन सरकारी गिऱ्हाइकं पुढे आली. आयुर्विमा महामंडळाने १,२०० कोटी देऊ केले, न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीने १,३७५ कोटी आणि महाराष्ट्र सरकारने १,४०० कोटी. व्यवहार लांबला. जानेवारी २०२२मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली, पण इमारत त्या व्यवहारात नव्हती. विमानं घराण्यात परतली, घर सरकारकडेच राहिलं. शेवटी नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १,६०१ कोटींना खरेदी मंजूर केली आणि मार्च २०२४मध्ये केंद्राने होकार दिला. शिवाय एअर इंडियाकडून अनर्जित उत्पन्नापोटी आणि व्याजापोटी राज्याला येणं असलेले सुमारे २९८ कोटी माफ झाले. म्हणजे स्वतःच्याच जमिनीवरची इमारत राज्याला जवळपास १,९०० कोटींना पडली.

आता या इमारतीच्या खालच्या जमिनीकडे येऊ. कारण खरी गोष्ट तिथे आहे.

मुंबईचं बंदर पूर्वेला. खोल पाणी, वाऱ्यापासून आडोसा, समोर मुख्य भूमी. ससून डॉक, प्रिन्सेस डॉक, पुढे अलेक्झांड्रा डॉक, सगळे त्या बाजूला. पैसा तिथे यायचा. पश्चिमेची बॅक बे उथळ, खडकाळ, गलबतांना निरुपयोगी. कोळी लोकांच्या होड्या आणि जाळी, एवढंच तिचं जग. पण शहराला जागा हवी झाली की सगळ्यांची नजर या 'निरुपयोगी' पाण्याकडे जायची.

पहिल्यांदा गेली १८६०च्या दशकात. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे हे व्यापाऱ्यांना कळेना. मग कंपन्या निघाल्या. त्यातली सगळ्यात गाजलेली म्हणजे बॅक बेचा समुद्र हटवून जमीन करणारी कंपनी. प्रेमचंद रायचंद हे त्या काळचे शेअर बाजाराचे राजे. जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिच्या शेअरचे भाव आकाशात. १८६५मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, त्याबरोबर शेअर, बँका, माणसं सगळी कोसळली. समुद्र तसाच राहिला. जी किनारपट्टी हाती लागली तिच्यावरून पुढे बीबीसीआय रेल्वेचे रूळ गेले, म्हणजे आपली आजची पश्चिम रेल्वे.

दुसऱ्यांदा १९२०च्या दशकात. गव्हर्नर होते सर जॉर्ज लॉइड. योजना भव्य: आठ तुकड्यांत मिळून ११४५ एकर जमीन. पूर्वेच्या बंदरातला गाळ उपसायचा, नळातून पश्चिमेला आणायचा आणि दगडी भिंतीच्या आत ओतायचा. गाळ उपसणाऱ्या यंत्रनौकेलाही गव्हर्नरसाहेबांचंच नाव. पण मऊ गाळ भिंतीच्या फटींतून पाझरून परत समुद्रात जायचा आणि जो राहायचा तो वाळला की आकसायचा. खर्चाचा अंदाज दर वर्षी फुगायचा, जमीन काही वर यायची नाही. लोकांनी योजनेला नाव ठेवलं, 'लॉइडचा मूर्खपणा'.

या गैरकारभारावर ज्यांनी सगळ्यात जास्त आवाज उठवला ते वकील होते खुर्शेद फ्रामजी नरिमन. विधिमंडळात, वर्तमानपत्रांत, सभांत त्यांनी हिशेब मागितला. खात्यातले हार्वे नावाचे अधिकारी त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला घेऊन आले. खटल्यात नरिमन निर्दोष सुटले आणि लोकांसाठी 'वीर नरिमन' झाले. पुढे मुंबईचे महापौरही झाले. आठपैकी चारच तुकड्या त्या काळात पुऱ्या झाल्या, सुमारे ४४० एकर. उरलेल्या तुकड्या पाण्यातच राहिल्या.

आणि गंमत बघा. स्वातंत्र्यानंतर आपल्याच सरकारने त्यातली राहिलेली जमीन भरायला घेतली आणि तयार झालेल्या टोकाला नाव दिलं, नरिमन पॉइंट. भरावाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचं नाव भरावालाच. त्यांचा सन्मान म्हणायचा की थट्टा, तुम्हीच ठरवा.

आता सरकार स्वतः कुठे बसत होतं ते बघू.

फोर्टच्या भिंती १८६०च्या दशकात पाडल्या आणि ओव्हल मैदानाच्या काठाने सरकारी इमारतींची रांग उभी राहिली: सचिवालय, विद्यापीठ, उच्च न्यायालय. सचिवालय १८७४मध्ये पुरं झालं, कर्नल विल्किन्स यांच्या आराखड्यावर. प्रेमचंद रायचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई टॉवर याच रांगेतला. तेव्हा या इमारतींच्या समोर मैदान, मग रेल्वे आणि मग थेट समुद्र. सज्जात उभं राहिलं की साहेबाला पश्चिमेचा वारा लागायचा. पुढे १९३०च्या दशकात भरावाच्या जमिनीवर मैदानापलीकडे आर्ट डेको घरांची रांग आली आणि सचिवालयासमोरचा समुद्र दिसेनासा झाला. २०१८मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो याच समोरासमोरच्या जोडीसाठी.

१९५५मध्ये सचिवालय भरावावरच्या नव्या इमारतीत गेलं. पुढे सत्तरच्या दशकात शंकरराव चव्हाणांच्या काळात त्याचं नाव 'मंत्रालय' झालं. जुन्या सचिवालयात आज दिवाणी आणि सत्र न्यायालय भरतं. १९८१मध्ये शेजारी नवं विधान भवन उघडलं. आणि आता एअर इंडियाची इमारत, अगदी पाण्याच्या कडेला. म्हणजे समुद्र जसजसा मागे ढकलला गेला, तसतसं सरकार त्याच्या मागोमाग पश्चिमेला सरकत गेलं. दीडशे वर्षांत तीन-चार वेळा घर बदललं, पण फार लांब कधी गेलं नाही.

पण जायचं ठरलं होतं. मामांचा प्रश्न इथे येतो.

१९६५ साली 'मार्ग' या मासिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी एक कल्पना मांडली. मुंबई हे लांबट, चिंचोळं बेट. घरं उत्तरेला पसरत चाललीत आणि कचेऱ्या सगळ्या दक्षिण टोकाला. टोकाला एक कचेरी वाढली की सकाळच्या लोकलमध्ये आणखी काही शे माणसं वाढतात. यावर उपाय लोकलचे डबे वाढवणं हा नाही. खाडीपलीकडे, पूर्वेला, मुख्य भूमीवर नवं शहर वसवा. मध्ये बंदर आणि दोन्ही काठांवर शहर.

पण नवं शहर नुसते रस्ते आखून वसत नाही. लोकांनी तिथे का जावं? त्यांचं उत्तर होतं: आधी सरकारने जावं. मंत्रालय पलीकडे गेलं की मागोमाग वकील जातील, बँका जातील, कंत्राटदार जातील, चहावाले आणि झेरॉक्सवाले जातील. जमिनीचे भाव वाढतील आणि त्या वाढीतून पाणी, रस्ते, घरं यांचा खर्च निघेल. धनंजयराव गाडगीळांच्या समितीनेही साधारण त्याच दिशेचा सल्ला दिला होता. मार्च १९७०मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन घ्यायचं ठरलं.

मार्च १९७०. आता मघाशी लक्षात ठेवलेलं साल आठवा. ज्या वर्षी सरकारने जनतेला पलीकडे जायला सांगणारं महामंडळ काढलं, त्याच वर्षी सरकारने नरिमन पॉइंटचा हा भूखंड एअर इंडियाला दिला. एका हाताने नवं शहर आखलं, दुसऱ्या हाताने जुन्या शहराच्या टोकाला मनोरे उभे करायला जमीन वाटली. काही वर्षांत तिथे एक्स्प्रेस टॉवर्स, ओबेरॉय, एअर इंडिया अशी रांग लागली. इथले भूखंड कसे दिले यावर पिलू मोदी उच्च न्यायालयात गेले. ते खासदार होते आणि पेशाने वास्तुरचनाकार. सरकारचा हेतू मी सांगू शकत नाही. पण हिशेब उघड आहे: भरावाची जमीन सरकारची, तिला गिऱ्हाईक तयार, पैसा लगेच. पलीकडच्या शहराचा फायदा मात्र वीस वर्षांनी मिळणार. लगेचच्या पैशाने दूरच्या शहरावर मात केली.

मग पलीकडे गेलं कोण?

ज्यांना पाठवणं सोपं होतं ते गेले. मशीद बंदरचा कांदा-बटाटा बाजार ऐंशीच्या दशकात तुर्भ्याला गेला, त्यापाठोपाठ धान्य, मसाले. लोखंड बाजार कळंबोलीला गेला. माथाडी गेले. अण्णासाहेब पाटलांनी ज्यांच्यासाठी १९६९चा माथाडी कायदा करून घेतला ती ही माणसं. सुरुवातीला तिथे धड दिवाबत्ती नव्हती, बस नव्हती. मामा सांगतात, पहिल्या पावसाळ्यात घरी यायला गुडघाभर चिखलातून चालायचं. "रातच्याला कोल्हं वरडायचं," म्हणतात. १९८९मध्ये न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, म्हणजे मुंबईच्या पोटापाण्याचं मूळ जे बंदर, त्याचा मोठा धंदाही पलीकडे गेला. आणि २०२५च्या ऑक्टोबरात नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं.

आणि ज्यांची जमीन गेली ते? ते तर पलीकडेच होते. आगरी, कोळी, कराडी शेतकरी. मिठागरं गेली, भातशेती गेली. जानेवारी १९८४मध्ये उरण-जासईला मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, गोळीबार झाला, पाच जण गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. ज्या शहरासाठी त्यांनी जमिनी दिल्या, त्या शहरात सरकार येणार होतं.

बाजार गेला, बंदर गेलं, हमाल गेला, विमानतळसुद्धा गेला. सरकार तेवढं गेलं नाही. बेलापूरला कोकण भवन झालं, विभागीय कार्यालयं आली, हे खरं. पण मंत्री, सचिव आणि ज्या टेबलावर शेवटची सही होते ते टेबल, हे सगळं टोकालाच राहिलं.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगतो, नाहीतर तुम्ही कमेंटमध्ये सांगालच.

२१ जून २०१२ला मंत्रालयाला आग लागली. चौथ्या मजल्यावर सुरू झाली आणि वर चढत गेली. पाच माणसं गेली, फायली गेल्या. त्यानंतर अनेक खाती बाहेर हलवावी लागली आणि ती आजवर ठिकठिकाणी विखुरलेली आहेत, काही खासगी इमारतींत भाडं देऊन. दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा मंत्रालयापासून चालत जाता येईल अशी तयार इमारत घेणं, हा हिशेब मूर्खपणाचा नाही. नवा मनोरा बांधायचा झाला असता तर पाडकाम, कंत्राटं आणि दहा वर्षं यांत गेलं असतं. जुनी चांगली इमारत वापरात राहणं हे शहराच्या दृष्टीनेही बरं. आणि शहराच्या ओळखीची ही इमारत एखाद्या खासगी बिल्डरने घेऊन तिथे ऐंशी मजली घरं बांधण्यापेक्षा ती सार्वजनिक मालकीत राहिली, याचा मला आनंदच आहे. कर्मचाऱ्यांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. बदलापूर, विरार, पनवेल इथून येणारी ही माणसं. तिन्ही रेल्वेमार्ग चर्चगेट आणि सीएसएमटीलाच संपतात. त्यांचं सगळं आयुष्य त्या वेळापत्रकावर बसवलेलं आहे.

हे सगळं मान्य. पण एक गोष्ट मान्य होत नाही. चर्चा झाली ती खात्यांच्या जागेची, चौरस फुटांची, भाड्याच्या बचतीची. नंदुरबारहून, गडचिरोलीहून, जतहून रात्रभर एसटीत बसून येणाऱ्या माणसाची त्यात मोजदाद कुठे आहे? तो दुपारी पासच्या रांगेत उभा राहतो. आज भेट झाली नाही तर रात्र कुठे काढायची हे त्याला ठाऊक नसतं. नरिमन पॉइंटला त्याला परवडेल असं जेवण शोधावं लागतं. २०१८मध्ये धुळे जिल्ह्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्याने जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून घालून मंत्रालयातच विष घेतलं आणि ते वाचले नाहीत. त्यानंतर मंत्रालयाच्या मधल्या चौकात जाळी लावली गेली, कुणी वरून उडी मारू नये म्हणून. जाळी लावणं गरजेचं असेलही. पण माणूस तिथवर का येतो, या प्रश्नाला जाळी हे उत्तर नाही.

आणि सरकार हलूच शकत नाही, असं कुणी म्हणू नये. १९५३च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात अख्खं सरकार नागपूरला जातं. मंत्री जातात, सचिव जातात, फायलींचे गठ्ठे जातात, टंकलेखक जातात. आठशे किलोमीटर जाता येतं. खाडीपलीकडे तीस किलोमीटर पन्नास वर्षांत जाता आलं नाही. आता तर अटल सेतू झालाय, इकडे भुयारी मेट्रोला विधान भवनाचं स्वतंत्र स्टेशन आहे. अंतर हे कारण कधीच नव्हतं.

मग मागायचं काय? इमारत परत विका, असं मी म्हणत नाही. झाला तो व्यवहार झाला. तीन गोष्टी मागतो.

एक. या इमारतीचा तळमजला साहेबांच्या गाड्यांना आणि कोनशिलांना न देता लोकांना द्या. बसायला बाकं, पिण्याचं पाणी, स्वच्छ स्वच्छतागृह, माफक दरात जेवण, आणि 'तुमचा कागद नेमका कुठे आहे' हे एका जागी सांगणारी माणसं. २३ मजल्यांपैकी एक मजला मागतोय, जास्त नाही.

दोन. कुठलं खातं कुठे बसणार याचा नकाशा जाहीर करा आणि पाच वर्षं तरी तो बदलू नका. पत्ता बदलणं हे वर बसलेल्यांना किरकोळ वाटतं. खाली उभ्या असलेल्याचा त्यात दिवस जातो, आणि त्या दिवसाची मजुरी.

तीन. ज्या खात्यांकडे बाहेरगावची माणसं सगळ्यात जास्त येतात, महसूल, पुनर्वसन, शेती, त्यांच्या निदान भेटीगाठीच्या आणि नक्कल देण्याच्या शाखा बेलापूरला न्या. पुण्याहून, नाशिकहून, कोकणातून येणाऱ्याला ते जवळ पडतं. ५० वर्षांपूर्वी दिलेल्या शब्दाचा एवढा तरी तुकडा पाळा.

शेवटी पुन्हा कट्ट्यावर येतो. चार वाजून गेले होते, ऑफिस बंद व्हायच्या आत तिसऱ्या इमारतीत पोचणं शक्य नव्हतं. मामा उठले, चपला झटकल्या. सवयीने एकदा समुद्राकडे बघून म्हणाले, "जागा बाकी झ्याक हाय. मी असतो तर मीबी गेलो नसतो." आणि खो खो हसले.

कागद अजून मिळायचाय. पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहे, या वेळी एकटा.

तुमच्यापैकी कुणी एअर इंडियाच्या इमारतीत काम केलं असेल, मशीद बंदरचा बाजार हलताना पाहिला असेल, किंवा उरण-पनवेलकडे घरातली जमीन सिडकोत गेली असेल, तर खाली लिहा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहा. हा इतिहास फायलींत कमी आणि त्यांच्या तोंडी जास्त आहे, आणि फायलींचं काय होतं ते आपण २०१२ला पाहिलंय.